मंडळाचं मशीन म्हणतं ८.९, लॅब म्हणते ११.२. हिमोग्लोबिन नक्की किती?

माणदेशी | रविवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. यंदा आमच्या गणेश मंडळानं डीजे बंद ठेवला (पोरं अजून माझ्यावर रुसलेली आहेत) आणि वाचलेल्या वर्गणीतून हिमोग्लोबिन मोजायचं डिजिटल मशीन घेतलं. मुठीत मावतं, शुगरच्या मशीनचा थोरला भाऊ म्हणा. बोट टोचायचं, पट्टीला थेंब लावायचा, थोड्या वेळात आकडा. गेल्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात शिबिर लावलं. टोचायला गावातलाच डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) झालेला पोरगा, सोबतीला उपकेंद्राच्या सिस्टर. त्रेचाळीस बायका आल्या.

छत्तीस जणींचा आकडा बाराच्या खाली. आमच्या घरचा ८.९. आईनं संध्याकाळीच बीट आणि खजूर मागवले. मंगळवारी हिला तालुक्याला नेऊन लॅबमध्ये सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण तपासणी) केली, तर ११.२! दोन दिवसांत सव्वादोन पॉइंट रक्त वाढलं म्हणावं, तर बिटाला तिनं हातसुद्धा लावलेला नाही.

आता गावभर झालंय की मंडळाचं मशीन भंगार. मशीन विकणारा म्हणतो, "थोडा फरक पडतोच." सव्वादोन म्हणजे थोडा? जाणकारांनी सांगा, मशीन परत करू का?

तिरकस | रविवार, रात्री ९.५८

मशीनला डीजेची हाय लागली.

लॅबकाका | रविवार, रात्री १०.२०

मशीनला शिव्या देण्याआधी टोचणाऱ्या हाताची चौकशी करा. पहिला थेंब पुसला होता का? बोट पिळलं होतं का? स्पिरिट वाळू दिलं होतं का? पट्ट्यांच्या डबीचं झाकण दर वेळी लावलं होतं का? त्रेचाळीस बायकांची रांग म्हटल्यावर उत्तरं मला ठाऊक आहेत, तरी विचारतो.

माणदेशी | सोमवार, सकाळी ७.०५

काका, तुम्ही व्हरांड्यात उभे होता का? पोराला विचारलं. तो म्हणतो, "पिळल्याशिवाय थेंब येतच नव्हता. बायकांचे हात खुरप्याचे, कातडी जाड." त्यात आम्ही हौसेनं नळाच्या गार पाण्यानं हात धुवायला लावले होते. स्पिरिट लावलं की लगेच टोच. पहिला थेंब पुसायचा असतो हे त्याला माहीत होतं, पण दहाव्या बाईनंतर राहिलं. पट्ट्यांची डबी टेबलावर उघडी, आणि दहानंतर टेबलावर ऊन.

लॅबकाका | सोमवार, सकाळी ११.३०

मग मशीन बिचारं काय करणार. बोट पिळलं की रक्ताबरोबर मांसातलं पाणी येतं, थेंब पातळ होतो. ओल्या स्पिरिटवर थेंब धरतच नाही, पसरतो, आणि तेही त्यात मिसळतं. पट्टीवर रसायन वाळवून बसवलेलं असतं, त्याला दमट हवा आणि ऊन सोसत नाही. डबीतून पट्टी काढली की झाकण टक्कन बंद, ही सवय लागली पाहिजे.

हात कोमट पाण्यानं धुवायचे आणि नीट पुसायचे. मधलं किंवा अनामिकेचं बोट घ्यायचं, टोच पेराच्या बाजूला, ऐन गादीवर नाही. जाड कातडीला खोल जाणारं लॅन्सेट (टोचायची सुई) वापरावं. टोच नीट बसली तर थेंब आपण होऊन गोल उभा राहतो. पहिला कोरड्या कापसानं टिपायचा, पुढचा मोठा थेंब एका दमात पट्टीला पाजायचा. अर्धा आत्ता, अर्धा मग, असं चालत नाही.

जाता जाता जुनं पुराण. मी १९८३ साली सरकारी दवाखान्यात लागलो तेव्हा हे काम 'साहली'वर चालायचं. बर्नच्या हेर्मान साहली या डॉक्टरांनी १९०२ मध्ये काढलेली पद्धत ऐंशी वर्षांनी आमच्या टेबलावर जशीच्या तशी होती. एक काळी चौकट, तिच्या दोन्ही बाजूंना तपकिरी काचेचे दांडे, मधल्या खाचेत खुणा असलेली नळी. नळीत २० च्या खुणेपर्यंत विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल. रक्त पिपेटमध्ये २० घनमिलिमीटर बरोबर ओढायचं, तेही तोंडानं, रबरी नळी लावून. (हो, तोंडानं! आज कोणी असं केलं तर मीच कान धरीन.) पिपेटची बाहेरची बाजू पुसायची, कारण बाहेर चिकटलेलं रक्तही आत गेलं तर आकडा चढतो. मग ते आम्लात सोडायचं, दोन-तीनदा आत-बाहेर करून पिपेट धुवायची आणि दहा मिनिटं थांबायचं. लाल रंग मरून तपकिरी होतो, त्याला ॲसिड हिमॅटिन म्हणतात. मग डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब घालत काचेच्या काडीनं ढवळायचं, नळीचा रंग शेजारच्या काचेसारखा होईपर्यंत. जुळला की पाण्याची पातळी वाचायची: १०० मिली रक्तात इतके ग्रॅम.

सगळी गोम त्या 'जुळला की' मध्ये. खिडकीकडे तोंड करून बघायचं, ट्यूबलाइटखाली नाही. माझा डोळा ९.५ ला जुळवायचा, आमचे हेडक्लार्क गंमत म्हणून बघायचे तर त्यांना ते अजून गडद वाटायचं. वर्षानुवर्षं उजेड खाऊन काचेचा रंग उतरायचा, तो वेगळाच. गर्दीच्या दिवशी दहा मिनिटांची चार झाली की आकडा खाली, कारण रंग पुरता चढलेला नसायचा. म्हणून म्हणतो, तुमच्या पोरानं नवीन काही केलेलं नाही. आम्हीही गर्दीला बळी पडलोच.

निशिगंध | सोमवार, दुपारी ३.१०

काकांचा प्रतिसाद वाचून कॉलेजचे दिवस आठवले. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, तर लॅबची बाजू सांगते.

सीबीसीच्या मशीनमध्ये शिरेतलं रक्त जातं. त्यातल्या थोड्या भागात तांबड्या पेशी फोडणारं द्रव्य मिसळून हिमोग्लोबिन बाहेर काढतात आणि त्यातून ठरावीक रंगाचा प्रकाश सोडतात. जितकं हिमोग्लोबिन जास्त तितका प्रकाश जास्त गिळला जातो. डोळ्याच्या जागी प्रकाश मोजणारं उपकरण आलं, एवढाच साहलीनंतरचा फरक म्हटला तरी चालेल. मधला टप्पा ड्रॅबकिनच्या द्रावणाचा. त्यात हिमोग्लोबिनचं सायनमेटहिमोग्लोबिन नावाचं रंगीत संयुग होतं आणि ते ५४० नॅनोमीटरवर वाचतात. जगभरात ही पद्धत प्रमाण मानली गेली, कारण तो रंग टिकतो आणि एक सल्फहिमोग्लोबिन सोडलं तर हिमोग्लोबिनचे बाकी प्रकार त्यात धरले जातात. साहलीत कार्बन मोनॉक्साइड बसलेलं किंवा मेटहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं रूप) झालेलं हिमोग्लोबिन सुटून जायचं. अडचण एकच, ड्रॅबकिनमध्ये पोटॅशियम सायनाइड असतं. लिटरला पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे अगदी कमी, पण आमचे सर दम द्यायचे की या बेसिनमध्ये आम्ल ओतलंत तर सायनाइडचा वायू सुटेल. बऱ्याच नव्या मशीनमध्ये आता त्याऐवजी सोडियम लॉरिल सल्फेट असतं, शाम्पूत फेस आणतं तेच.

लॅबही चुकते. रक्तात चरबी जास्त असली किंवा पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या असल्या, तर द्रावण गढूळ होऊन आकडा खोटा चढतो. माणूस बराच वेळ आडवा असेल तर उभ्या माणसापेक्षा थोडा कमी येतो. बोटाचा थेंब आणि शिरेतलं रक्त यांत एखाद्या ग्रॅमचा फरक आला तर मी भुवई उचलत नाही. सव्वादोन मात्र हाताचीच चूक.

पण माणदेशी, एक विचारू? ११.२ आल्यावर तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकलात असं दिसतंय. गरोदर नसलेल्या बाईसाठी जागतिक आरोग्य संघटनेची रेघ १२ वर आहे. मशीन खोटं ठरलं म्हणून वहिनी निरोगी ठरत नाहीत. ८.९ असो की ११.२, दोन्ही आकडे कमीच आहेत. त्या सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) किती लिहिलाय?

माणदेशी | सोमवार, रात्री ८.४५

ताई, खरं सांगतो, कागदाच्या दुसऱ्या ओळीकडे बघितलंच नाही. एमसीव्ही ७१.

निशिगंध | सोमवार, रात्री ९.३०

८० च्या खाली म्हणजे पेशी आकारानं लहान. बहुतेकदा लोहाची कमतरता, कधी थॅलसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष). डॉक्टरांना दाखवून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी) करून घ्या. नुसत्या आकड्याच्या भांडणात हे राहून गेलं असतं.

तिरकस | सोमवार, रात्री ९.४१

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर नाही का कळत? कोविडमध्ये घेतलेलं कपाटात पडून आहे. टोचायलाही नको.

निशिगंध | सोमवार, रात्री १०.०२

नाही. तो आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय ते सांगतो. हिमोग्लोबिन ६ असलं तरी ९८ दाखवेल. डब्यांची रेल्वे भरलेली आहे हे कळतं, डबे किती ते नाही. न टोचता हिमोग्लोबिन सांगणारी वेगळी यंत्रं असतात, पण निदान त्यांच्यावर सोडवत नाही.

अवांतर: एचबीए१सी आणि हिमोग्लोबिनमध्येही लोक गल्लत करतात. पहिलं साखरेचं. "माझं हिमोग्लोबिन साडेसहा, म्हणजे बरं आहे ना?" असं विचारणारे काका मला दर महिन्याला भेटतात.

रक्तदाता | मंगळवार, सकाळी ९.१५

आमच्या शिबिरात मशीनबिशीन काही नसतं. निळं पाणी असतं. मोरचुदाचं द्रावण, विशिष्ट घनता १.०५३ ठेवलेलं. रक्ताचा थेंब एखाद्या सेंटिमीटरवरून अलगद सोडायचा. पंधरा सेकंदांत तळाला गेला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, माणूस रक्त द्यायला पास. थेंब सोडला की त्याच्याभोवती तांब्याची पातळ पिशवी धरते, त्यामुळे तो विरघळत नाही, आख्खाच्या आख्खा बुडतो नाहीतर तरंगतो. मी पंधरा वर्षं बघतोय, अजून कंटाळा आलेला नाही. एखादा थेंब मध्येच थबकतो, विचार करतो आणि परत वर येतो. तेव्हा समोरच्या पहिलवानाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आकडा मिळत नाही, फक्त हो किंवा नाही. थेंबात हवेचा बुडबुडा अडकला तर चांगलं रक्तही तरंगतं. साधारण तीस मिलीत पंचवीस थेंब झाले की द्रावण बदलायला हवं, आणि कंजूषपणा इथेच होतो. पण हजार लोकांच्या शिबिरात याहून स्वस्त काय आहे? काठावरच्यांना डिजिटल मशीनवर परत बघावं.

आणि बायकांचंच कशाला, पुरुषही पुष्कळ तरंगतात. रक्तक्षय ठरवायची त्यांची रेघ तर १३ ची आहे. पुढच्या खेपेला मंडळाच्या पोरांचीही बोटं टोचा.

स्कोनची_सून | मंगळवार, दुपारी १.२०

धागा मस्त चाललाय. मी दक्षिण स्वीडनमध्ये राहते, इथल्याच आंगेलहोल्म गावच्या हेमोक्यू कंपनीनं १९८० च्या दशकात बोटाच्या थेंबावर चालणारं छोटं यंत्र काढलं. त्याची प्लास्टिकची चिमुकली कुपी असते, आत रसायनं वाळवलेली. कुपीचं टोक थेंबाला लावलं की ती स्वतःच १० मायक्रोलिटर रक्त शोषते, ना कमी ना जास्त. काकांनी तोंडानं ओढलेलं माप कुपीच घेते. यंत्र दोन वेगळ्या तरंगलांबींवर वाचतं, दुसरं वाचन गढूळपणा वजा करायला. तरी माझ्या दाईनं बोट पिळलं नाही, आधी हात चोळून ऊब आणली. यंत्र कितीही शहाणं असलं तरी थेंब माणसानंच काढायचा.

गंमत म्हणजे इथं डेसिलिटरऐवजी (म्हणजे १०० मिलीऐवजी) लिटरमागे किती ग्रॅम ते लिहितात. गरोदरपणात माझा रिपोर्ट आईला व्हॉट्सॲपवर पाठवला: ११८. तिनं सातारहून रडतच फोन केला, "एवढं रक्त कसं गं वाढलं?" ११.८ म्हणायचं होतं.

आकडेमोड | मंगळवार, रात्री १०.५०

हाच वाद देशपातळीवरही चालू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय निघाला. ती तपासणी बोटाच्या थेंबावर होती. त्याआधी २०१६-१८ ला मुलांच्या पोषणाची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात शिरेतलं रक्त घेतलं होतं. तिथे एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय साधारण ४१ टक्के होता, तर कुटुंब पाहणीच्या चौथ्या फेरीत पाच वर्षांखालच्या मुलांत तो ५८ टक्क्यांहून जास्त. वयोगट थोडे वेगळे आहेत हे धरूनही दरी मोठी. पुढे कुटुंब पाहणीतून हे मोजमापच काढून टाकलं. जागतिक आरोग्य संघटनाही २०२४ पासून शिरेतलं रक्त आणि लॅबचं मशीन यांचाच आग्रह धरते. म्हणजे माणदेशींच्या व्हरांड्यात झालं ते देशाच्या व्हरांड्यात झालेलं असू शकतं.

सिस्टर_कावेरी | बुधवार, पहाटे ५.४०

ड्युटीला निघायच्या आधी लिहिते. शिरेतलं रक्त, लॅबचं मशीन, सगळं कबूल. पण माझ्या उपकेंद्रापासून लॅब बावीस किलोमीटर आहे आणि एसटी दिवसातून दोनदा. पाच महिन्यांची गरोदर बाई माझ्यासमोर बसलीय, तिचा आकडा मला आत्ता हवा, परवा नको. ती परवा येत नाही, ऊसतोडीला गेलेली असते.

मी साहली केलीय. रंगाच्या पट्टीवर टिपकागदाचा डाग लावून अंदाज केलाय, त्यात ८ आणि १० मधला फरक सांगताना देवाचं नाव घ्यायचे. ॲनिमिया मुक्त भारतमध्ये २०१८ नंतर डिजिटल मशीन आलं तेव्हा मी पेढे वाटले नाहीत एवढंच. ७ च्या खाली आकडा आला की मी वाद घालत नाही, परत एकदा टोचते आणि तरीही ७ खाली असेल तर गाडी बोलावते. तिथे एखादा ग्रॅम इकडे-तिकडे असला तरी बाईला नेणं चुकत नाही.

मशीनचा दुसरा उपयोग आकड्यापेक्षा मोठा आहे. गोळ्या सुरू केल्या, महिन्यानं त्याच मशीनवर, त्याच हातानं परत बघितलं. निदान एक ग्रॅम चढला तर गोळ्या पोटात जातायत. नाही चढला तर एक तर गोळ्या पत्र्याच्या डब्यात साठतायत, नाहीतर दुसरं काहीतरी आहे, डॉक्टरकडे पाठवायचं. लाल गोळीनं शी काळी होते हे कोणी आधी सांगत नाही म्हणून निम्म्या जणी घाबरून बंद करतात. आणि गोळीवर लगेच चहा नको. लिंबू पिळलेलं पाणी चालेल.

पाटलांना (माणदेशी पाटीलच असणार, वर्गणी वाचवली म्हणजे!) एकच सांगते, मशीन परत करू नका. रांग वीसवर थांबवा.

निशिगंध | बुधवार, सकाळी ८.२५

सिस्टर, हरले. गावात पहिली चाळणी तुमचीच. माझं म्हणणं इतकंच की चाळणीतून निघालेल्यांची एकदा तरी सीबीसी व्हावी, कारण मशीन 'किती' सांगतं, 'का' सांगत नाही. सातपुड्याकडे किंवा गडचिरोलीत असाल तर सिकलसेलची (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) तपासणीही त्यातच. तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्या देत बसून भागत नाही.

माणदेशी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. (सिस्टर, पाटील नाही, पण चालवून घेतो.) अपडेट देतो.

नवीन डबी उघडली, जुनी टाकली. सोबत आलेल्या तपासणीच्या द्रावणानं मशीन बघितलं, आकडा डबीवरच्या हद्दीत आला. ते द्रावण पहिल्या दिवसापासून खोक्यात होतं, आम्हाला वाटलं होतं डोळ्यात घालायचं औषध. पोराला काकांचा प्रतिसाद तीनदा वाचायला लावला. चुलीवर पाणी कोमट केलं. मग पंधरा जणींचं एकाच सकाळी बोटाचंही बघितलं आणि लॅबवाल्याला बोलावून शिरेतलंही घेतलं. बारा जणींचा फरक एक ग्रॅमच्या आत. दोघींचा सव्वाच्या आसपास, त्यातल्या एकीचं बोट पोरानं सवयीनं परत पिळलं होतं, मी बघितलं. आमच्या घरी मशीन ११.६, लॅब ११.३. फेरिटिन कमी निघालं, गोळ्या चालू आहेत, शी काळी झाल्याची बातमी सासूबाईंपर्यंत पोचलीय.

पंधरावी बाई पहिल्या शिबिराला आलेलीच नव्हती. मशीन भंगार आहे हे ऐकून मजा बघायला आली आणि बसली. मशीन ६.४, लॅब ६.१. दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढणारी बाई. विचारल्यावर म्हणाली, दम लागतो, पण वयच झालं की आता. बेचाळीस वर्षांची आहे. पाळीत फार जायचं, कुणाला बोलली नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यात दाखल केली, सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. रक्ताची पिशवी लावलीय.

लॅबकाका | रविवार, रात्री ९.१०

बरं झालं बसली. माझ्याकडे साहलीचा जुना डबा आहे अजून, काच उतरलेली. तुमच्या शाळेला पाठवू का?

माणदेशी | रविवार, रात्री ९.२५

पाठवा काका, पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो. पिपेटची रबरी नळी मात्र काढून घ्या, आमची पोरं तोंडात घालतील.

तिरकस | रविवार, रात्री ९.३१

पुढच्या वर्षी डीजेचं काय?

माणदेशी | रविवार, रात्री ९.४०

पट्ट्या संपत आल्यात. डीजेवाल्याचा फोन उचलत नाही.